पेव घेऊन बंगळूरला

बंगळूरच्या फ्रिंजला, म्हणजे छोट्या नाटकांच्या एका फेस्टिव्हलला, नाटक नेलं म्हणजे नक्की काय केलं, खर्च किती आला, सेट कसा नेला, हिंदीत केलं का, असं परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकते. आधीच सांगते, मी नटी नाही आणि लेखिका पण नाही. मी आमच्या ग्रुपची सूत्रधार, म्हणजे हौशी नाटकात त्याचा जो अर्थ असतो तोच, तालमीच्या चहाच्या उधारीपासून हॉलच्या किल्लीपर्यंत, कोण कुणाशी सध्या बोलत नाहीये तिथपासून प्रयोगाला लाइट कोण मारणार तिथपर्यंत सगळं. दिवसा सांगलीत पतसंस्थेत नोकरी आणि संध्याकाळी हे.

नाटकाचं नाव 'पेव'. आमच्या सरांनी लिहिलेलं, सर शाळेत इतिहास शिकवतात. सांगलीबाहेरच्यांना पेव माहीत नसतं म्हणून थोडं सांगते. हरिपुरात, म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद ठेवायला जमिनीत खोल कोठारं खणलेली आहेत, वर तोंड माणूस उतरेल एवढंच आणि खाली वीस-पंचवीस फूट खोल. तिथली मातीच अशी की आत ओल येत नाही. तोंड बंद केलं की आतला ऑक्सिजन संपत जातो, त्यामुळं किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पण किडा जगत नाही तिथं माणूस तरी कसा जगेल. म्हणून पेव उघडलं की कुणी लगेच उतरत नाही, तास न् तास तसंच उघडं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा, विझला तर अजून थांबायचं आणि जळत राहिला तर हमाल उतरणार. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, माल गेला, व्यापारी गोडाऊनकडं आणि कोल्ड स्टोरेजकडं वळले. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात पेवांचं कौतुक छापून आलं खरं, पण तोवर बहुतेक पेवं बंदच पडलेली.

नाटकातल्या आबांचं पेव पण २००५ पासून रिकामं आहे. सून म्हणते बुजवून टाकू, वर दोन खोल्या बांधू, पोरं खेळतात तिथं, कधीतरी कोण आत पडेल. आबा ऐकत नाहीत. शेवटी एका रात्री झाकण काढतात आणि जुन्या रिवाजाप्रमाणं कंदील सोडतात, त्यांना खात्री आहे की विझणार, म्हणजे पेव अजून जिवंत आहे. आणि तो विझतच नाही. आत हळदच नाही तर हवा खाणार कोण? बस, एवढंच नाटक आहे. सकाळी आबा स्वतः पहिलं घमेलं माती टाकतात.

हे नाटक आम्ही आधी राज्य नाट्य स्पर्धेला केलेलं, भावे नाट्यमंदिरात. दोन अंक, अकरा पात्रं, आणि सेट असा की विचारू नका. स्टेजवर सहा फुटांची लेव्हल, म्हणजे उंच चौथरा, तिला ट्रॅपडोअर, त्यातनं आबा खरंच खाली उतरायचे, बाजूला घराची पडवी, मागं पोत्यांची थप्पी, टेम्पो भरून सामान. आम्हाला नेपथ्याचं बक्षीस मिळालं. नाटकाला काहीच नाही. सर महिनाभर म्हणत होते, माझ्या नाटकाला नाही, खड्ड्याला बक्षीस दिलं लेकांनी.

तर फ्रिंज. आमच्यातला एक पोरगा नोकरीला बंगळूरला असतो, त्यानं लिंक पाठवली, म्हणला ताई भरून तर टाका फॉर्म. फेस्टिव्हलचं नाव लिहीत नाही, छोटा आहे, सगळं पोरंपोरीच चालवतात आणि मी इथं दोनचार गोष्टींवर कुरकुर करणार आहे. फ्रिंज हा प्रकार मुळात एडिंबरोचा. १९४७ ला तिथं मोठा इंटरनॅशनल फेस्टिव्हल सुरू झाला तेव्हा आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन थडकल्या आणि कडंकडंच्या जागा धरून त्यांनी आपले प्रयोग लावले. तिथनं ते नाव पडलं. आज तिथं दर ऑगस्टमध्ये हजारो शो होतात आणि तत्त्व अजून तेच, कुणी निवड करत नाही, जागा मिळव, पैसे भर, शो कर. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम खूश, म्हणजे परीक्षक नाहीत? म्हणलं नाहीत सर. नंबर? नंबर पण नाहीत. मग करू की.

आम्ही गेलो तिथं मात्र थोडी चाळणी होती, कारण स्लॉट कमी आणि अर्ज जास्त. फॉर्ममध्ये जे विचारलं त्यातलं निम्मं आम्हाला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. पन्नास शब्दांत नाटक सांगा. प्रकार कुठला, कॉमेडी, ड्रामा, फिजिकल, क्लाउन, की अजून काही. वय किती वर्षांच्या पुढं. प्रेक्षकाला त्रास होईल असं काही आहे का, मृत्यू, पूर, बंद जागा वगैरे आधी सांगावं लागतं. सर म्हणाले सगळंच हाय की ह्यात. पन्नास शब्दांना सरांनी एक अख्खा रविवार घेतला. त्यांच्या पहिल्या मसुद्यात निम्मे शब्द मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांवरच खर्च झालेले, की १८४२ ला कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना असलं काहीतरी आपल्याकडं कर म्हणून सांगितलं, आणि १८४३ ला 'सीता स्वयंवर' झालं, तर आम्ही ते उसनं फेडायला कर्नाटकात येतोय. आयडिया भारी होती पण नाटक कशाबद्दल आहे ते राहूनच गेलं. शेवटी मी आणि माझ्या पुतणीनं मिळून लिहिलं, भावे एका वाक्यात बसवले, सरांना आवडलं नाही, पण निवड झाली.

निवडीच्या मेलसोबत नियम आले आणि खरी भांडणं तिथनं सुरू झाली. स्लॉट एक तासाचा. त्यातच सामान लावणं आणि काढणं, म्हणजे नाटक जास्तीत जास्त पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. एकाच जागेत दिवसाला पाच-सहा शो, एकामागं एक. सेट ठेवायला जागा नाही, जे आहे ते हातात घेऊन यायचं आणि घेऊन जायचं. खिळा मारायचा नाही. लाइटचं कॉमन रिग, म्हणजे आधीच टांगून ठेवलेले दिवे, सगळ्या ग्रुपांना तेच, जास्तीचा एखादा दिवा तुमचा तुम्ही आणा. आणि उघडी ज्योत चालणार नाही, मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, कंदील नाही.

आमच्या नाटकात कंदील नाही म्हणजे काय ते आता तुम्हाला कळलं असेल.

पहिल्या मीटिंगला सर म्हणाले जमणार नाही, आपण नको जाऊया. दोन तासांचं नाटक पाऊण तासात म्हणजे ट्रेलर दाखवल्यासारखं, आणि लेव्हल नाही तर पेव कुठाय, पेव नाही तर नाटक कुठाय. कुणीच काही बोलेना. आबांचं काम करतात ते आमचे आण्णा, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, ते कोपऱ्यात शेंगा खात बसलेले, ते म्हणाले, "सर, म्हातारा पेव बुजवायला तयार होत नाही हेच लिवलंय न्हवं तुम्ही? मग आता तुम्हीच म्हातारा झालाय बघा." सगळे हसले. सर हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्क्रिप्टची झेरॉक्स आणि लाल पेन घेऊन आले.

कापाकापीबद्दल लोक बोलतात तेव्हा असं बोलतात की नको ते गेलं आणि नाटक कसं सुटसुटीत झालं. आमचं झालं पण तसं, खोटं कशाला बोलू. नगरसेवकाचा सीन गेला, कुणाला आठवणसुद्धा आली नाही. पुरावरचं आबांचं चार पानी स्वगत गेलं, त्याच्या जागी सरांनी सुनेला नुसते पाण्याचे आकडे म्हणायला लावले, चाळीस फूट, पंचेचाळीस फूट, असं आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी मोबाईलवर वाचत राहते तशी. सांगलीकराला ह्याच्यापुढं सांगायला नको, चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आमच्यात पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं आणि २०१९ ला ते सत्तावन्नच्या वर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. तो सीन आता नाटकातला सगळ्यात चांगला सीन आहे असं माझं मत आहे, आणि तो सर आधी लिहूच शकले नसते कारण आधी जागा होती, स्वगत मावत होतं.

पण पात्रं अकराची तीन झाली. आबा, सून, आणि नात. म्हणजे आठ माणसं गेली, आणि ती कागदावरची नव्हती, दर संध्याकाळी नोकरी करून तालमीला येणारी माणसं होती. पोरं-पोरी समजून घेतात, त्यांना पुढं शंभर नाटकं आहेत. बंडूकाकांचं तसं नव्हतं. बंडूकाका साठीच्या पुढचे, नाटकात म्हाताऱ्या हमालाचं काम करायचे, काम छोटंच पण ते आमच्यात एकटेच खरे हरिपूरचे, त्यांचे वडील पेवात उतरायचे. दोर कंबरेला कसा बांधायचा, वरच्यानं पाय कसे रोवायचे, खालच्याशी किती वेळानं बोलायचं, उत्तर आलं नाही तर काय, हे सगळं त्यांनी शिकवलेलं. सरांनी त्यांना घरी जाऊन सांगितलं, मी पण होते सोबत. काकूंनी पोहे केले. काका म्हणाले, "बरोबर हाय सर, तीन माणसातच बसतंय ते." आणि मग तालमीला यायचं बंद झाले. फोन केला की म्हणायचे गुडघा दुखतोय.

मी एकदा जाऊन म्हणलं काका, तुमची ती वरनं मारायची हाक आपण रेकॉर्ड करून घेऊ, ती वाजवू, म्हणजे तुम्ही नाटकात राहताय. आता वाटतं तसं विचारणं बरोबर पण होतं आणि थोडं निर्दयी पण. ते म्हणाले, "मी टेपमधनं बोलत न्हाई." विषय संपला. हाक मग आण्णाच मारतात.

कागदपत्रांचं पटकन सांगते कारण हे नेहमी विचारतात. महाराष्ट्रात प्रयोग करायचा तर स्क्रिप्ट रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास करून घ्यावं लागतं, आमच्या दोन अंकी स्क्रिप्टचं प्रमाणपत्र होतंच. बंगळूरच्या लोकांनी ते मागितलं नाही, त्यांना फक्त स्क्रिप्ट आमचं स्वतःचं आहे आणि त्याच्यावरनं काही वाद झाला तर जबाबदारी आमची असं लिहून हवं होतं. पण तेच छोटं स्क्रिप्ट परत सांगलीत करायचं म्हणल्यावर आम्ही नवीन संहिता म्हणून पाठवलंय. गाण्यांचं मात्र तिथं कडक होतं, सिनेमाचं गाणं वाजवायचं तर लायसन्सचे कागद दाखवा. आमच्या नाटकात रेडिओवर एक जुनं गाणं होतं ते काढलं आणि त्या जागी आकाशवाणीवर सांगतात तसे बाजारभाव घातले, आमच्याच एकानं आवाज बदलून म्हणलेले. हळद राजापुरी, क्विंटलला अमुक ते तमुक.

पैशाचं. प्रवेश फी, रेल्वे, दोन रात्री राहणं, रिक्षा, खाणं, सगळं मिळून साठ-सत्तर हजारांच्या घरात गेलं. त्यातले काही आम्ही सांगलीत आधी एक प्रयोग लावून उभे केले, पास शंभर रुपये, आणि बाकी वर्गणी. तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा ग्रुपला मिळतो आणि उरलेला जागेवाल्याला, पण ऐंशी खुर्च्यांच्या जागेत मोठा वाटा म्हणजे तरी किती. ह्यातनं पैसे सुटतील असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून लांब राहा.

आता सबटायटल. हिंदीत करा असं तिथल्या पोरांनी सुचवलेलं, आण्णांनी स्वच्छ नकार दिला, म्हणाले माझं हिंदी प्याशिंजरांनी ऐकलंय ते पुरे झालं. मग पुतणीनं इंग्रजी सबटायटल केले, मागच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं. मला वाटलेलं हे सोपं काम आहे, टाइप करायचं आणि दाबत जायचं. त्यात इतक्या गमती आहेत. एका वेळी दोनच ओळी ठेवायच्या नाहीतर लोक वाचतच बसतात आणि नटाकडं बघत नाहीत. विनोदाची ओळ आधी पडली की प्रेक्षक नट बोलायच्या आधीच हसतो आणि नटाचं तोंड उघडं राहतं. त्यामुळं विनोदाला स्लाइड अर्धी अर्धी तोडायची, शेवटचा शब्द नटाच्या तोंडातनं निघाला की मगच बटण. आणि सगळ्यात मोठी अडचण आण्णा. आण्णांना पदरची वाक्यं घालायची सवय, रोज नवीन. सांगलीत टाळ्या मिळतात त्याला, पण तिथं भिंतीवर काही येत नाही आणि पुतणी घामाघूम. शेवटी आमचा करार झाला की आण्णांना अख्ख्या नाटकात पदरची दोन वाक्यं माफ, तीसुद्धा नातीबरोबरच्या सीनमध्ये, आणि तेव्हा पुतणी भिंत कोरी ठेवणार. गंमत म्हणजे बंगळूरला त्या कोऱ्या भिंतीच्या वेळेलाच लोक नीट आण्णांकडं बघायचे.

आणि कंदील. ह्याच्यावर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. पहिली आयडिया बॅटरीवरचा एलईडी कंदील, ऑनलाइन छान मिळतो, ज्योत हलल्यासारखी दिसते. लांबनं ठीक दिसायचा. पण आमचा कंदील मरायला हवा, पहिल्या भागात, आबांच्या तरुणपणीच्या आठवणीत, भरल्या पेवात सोडल्यावर. आणि एलईडी मरत नाही, तो बंद होतो. कमी कमी करत नेला की एका जागी येऊन फडफडतो आणि टक्क. म्हणून मग जुना पिवळा बल्ब हवा, तारेचा. तो डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या पेटीवर, हळूहळू खाली नेला की पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा नारिंगी, आणि शेवटी नुसती तार लाल दिसते, मग ती पण जाते. आता असला बल्ब मिळतो कुठं, गणपती पेठेत चार दुकानं फिरले, सगळे म्हणतात वहिनी आता कोण ठेवतंय, एलईडी घ्या वॉरंटी आहे. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरनं खोकं काढलं, धूळ एवढी, त्यात चाळीस वॅटचे होते. होते तेवढे सगळे घेतले. कंदिलाची टाकी काढून आत होल्डर बसवला आणि वायर दोराच्या पिळातनं नेली, दोर आणि वायर एकच दिसली पाहिजे. हे काम आमच्या लाइटवाल्यानं केलं, पण प्रयोगाला डिमर माझ्या हातात.

लेव्हलच नाही तर कंदील खाली सोडायचा कुठं? ह्याचं उत्तर शेवटी नातीचं काम करणाऱ्या मुलीनं काढलं, कॉलेजची आहे ती. ती म्हणाली आण्णा उभे राहतील आणि मी जमिनीवर उताणी झोपते, माझ्या तोंडाजवळ कंदील येऊ दे. म्हणजे ती खाली आहे, पेवाच्या तळाशी, आणि आण्णा वर. आण्णा स्टुलावर चढून दोर सोडतात, कंदील तिच्या चेहऱ्याच्या जवळ जवळ येतो, आणि ती श्वास घेतीय तसा मी उजेड वरखाली करते. पहिल्या सीनमध्ये तिचा श्वास तुटत जातो आणि उजेड जातो. शेवटच्या सीनमध्ये ती शांत श्वास घेत राहते आणि उजेड जात नाही, जात नाही, जात नाही. तालमीत पहिल्यांदा हे जमलं तेव्हा सर उठून बाहेर गेले, सिगारेट ओढून आले. ते काही बोलले नाहीत पण लेव्हलचा विषय परत निघाला नाही.

सामान शेवटी एवढंच राहिलं: दोर, कंदील, स्टूल, एक घमेलं, तीन पोती आणि डिमरची पेटी. पोत्यांत दोनात भुसा आणि एकात खरी हळकुंडं. हळकुंडं न्यायचा हट्ट माझा. सामान लावायची तालीम आम्ही घड्याळ लावून केली, शाळेच्या हॉलमध्ये दारातनं आत आल्यापासून आण्णा जागेवर उभे राहीपर्यंत, कोण काय उचलणार, कोण वायर चिकटपट्टीनं दाबणार. शेवटी शेवटी चार मिनिटांत व्हायला लागलं. ह्याला नाट्यकला म्हणत नाहीत पण फ्रिंजला हे जमलं नाही तर बाकीचं काही कामाचं नाही.

मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस धरली, दुपारी बसलं की सकाळी बंगळूर. दोराचं वेटोळं वरच्या बर्थवर, आण्णांनी उशाला घेतलं. डब्यात हळदीचा वास सुटलेला, समोरच्या बाईंनी विचारलं लग्नाला चाललाय का. आण्णा म्हणाले होय, माझंच हाय.

जागा म्हणजे एका जुन्या बंगल्याच्या मागं बांधलेला काळा हॉल. टेक्निकल रिहर्सल म्हणून आम्हाला आदल्या दिवशी जेमतेम दीड तास दिला आणि त्यातला बराच वेळ प्रोजेक्टरची वायर शोधण्यात गेला, ही माझी पहिली कुरकुर. तिथल्या लाइटच्या मुलीला आमचा डिमर बघून इतकं आश्चर्य वाटलं, तिनं तारेचा बल्ब डिमरवर कधी चालवलाच नव्हता, दोनतीनदा स्वतः खालीवर करून बघितला. दुसरी कुरकुर, पत्रकं आपणच वाटायची हे आधी सांगायला पाहिजे होतं. तिथं प्रत्येक ग्रुप स्वतःच्या शोच्या आधी बाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवतो, या बघायला. आम्हाला ती सवय नाही, सांगलीत बोर्ड लागतो, पेपरात येतं, लोक येतात नाहीतर येत नाहीत. सून करणारी आमची वीणा ह्यात एकदम तयार निघाली. कंदील हातात धरून नऊवारीत कॉफीच्या रांगेजवळ उभी राहिली आणि मोडक्या इंग्रजीत एकच गोष्ट सांगायची, की आत असा एक खड्डा आहे जिथं दिवा सोडून माणसाचा जीव वाचवतात, तो खड्डा आम्ही पन्नास मिनिटांत बुजवतो. लोक यायचे.

आमच्या आधीचा शो एका विदूषकाचा, एकटाच होता, भारी होता, पण शेवटी कागदाचे तुकडे उधळायचा. म्हणजे आमच्या चार मिनिटांत झाडू मारणं पण आलं. पहिल्या दिवशी तोच बिचारा आमच्याबरोबर झाडत होता, चेहऱ्याला रंग तसाच.

पहिल्या प्रयोगाला हॉल पाव भरला असेल. नाटक मधोमध आलं आणि सबटायटलचा लॅपटॉप अडकला, भिंतीवर सुनेची एकच ओळ लटकून राहिली. पुतणी माझ्याकडं बघतीय, मी डिमर सोडू शकत नाही. आणि नेमका पाण्याच्या आकड्यांचा सीन होता. वीणानं बघितलं की भिंत मेलीय, तिनं मोबाईल खाली ठेवला आणि आकडे बोटांवर दाखवत म्हणायला लागली, सावकाश, आणि प्रत्येक आकड्याला हात गुडघ्यावर, कंबरेवर, छातीवर, गळ्यावर नेला. हे कुणी बसवलेलं नव्हतं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चांगला चालत होता तरी त्या सीनला आम्ही भिंत बंदच ठेवली.

दुसऱ्या दिवशी गर्दी बरी होती, बरेचसे कन्नड, काही धारवाड-बेळगावकडचे ज्यांना मराठी कळत होतं आणि ते बाकीच्यांच्या आधी हसायचे. प्रयोगानंतर इथं लोक निघून जात नाहीत, बाहेर थांबून बोलतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडं आत येऊन 'छान झालं' म्हणतात आणि पार्किंगकडं पळतात. एक मुलगा इरोडचा निघाला, तमिळनाडूतलं हळदीचं मोठं मार्केट, त्याच्या घरात हळदीचाच धंदा. त्यानं पोत्यातलं हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग बघितला आणि सरांना विचारलं हे ह्या वर्षीचं का. सरांना काय माहीत. मग आण्णांनी त्याला कंदिलाचं सगळं सांगितलं, मराठीतच, आणि त्याला हातवाऱ्यांवरनं कळलं पण. एका वयस्कर बाईंनी विचारलं म्हातारा शेवटी माती का टाकतो, त्यानं ते तसंच उघडं का नाही ठेवलं, हवा तर होती. सर म्हणाले मला पण अजून नीट कळलेलं नाही. इतक्या वर्षांत सरांनी असं उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही.

आमच्यावर कुठं काही छापून वगैरे आलं नाही. पैशाचा हिशोब दोन आठवड्यांनी आला, आलेल्या रकमेत आमचं जाताना-येतानाचं रेल्वे तिकीट निघालं आणि वर थोडं. ग्रुपमध्ये आता दोन तट आहेत. एक म्हणतो हेच छोटं नाटक आता कायम करायचं, कुठं पण, गच्चीवर, शाळेत, देवळात. दुसरा तट म्हणतो पुढच्या राज्य नाट्यला परत लेव्हल लावून मोठं करू, अकरा माणसांना काम मिळतं, ग्रुप टिकतो. दुसऱ्या तटाचं म्हणणं मला आधी पटत नव्हतं, आता निम्मं पटतं, कारण तीन माणसांच्या नाटकाला तालमीला येतात पण तीनच माणसं, हॉल रिकामा वाटतो आणि चहाची उधारी पण कमी झालीय. सर म्हणतात दोन्ही ठेवू. वीणा म्हणते दोन्ही पाठ ठेवायला तुम्हाला काय जातंय.

बंडूकाकांकडं दोर परत द्यायला गेले होते, दोर त्यांचाच होता. प्रयोग कसा झाला हे त्यांनी विचारलं नाही. दोर सगळा उलगडला, हातातनं फिरवला आणि विचारलं वायर कुणी घातलीय ह्यात, पीळ मोडलाय बघ इथं. मी म्हणलं काका, हरिपुरातच प्रयोग करायचा म्हणतोय, संगमाजवळच्या देवळात, मोकळ्यात. तिथं सबटायटल नाहीत, पण प्रत्येकाला पेव माहीत असणार, एक गाठ चुकली तरी बोलतील. ते म्हणाले तुमचा तो कंडक्टर दोर चुकीचा धरतो, पहिल्यापासनं सांगतोय मी, पाय असं ठेवून माणूस तोलतोय व्हय. तर सध्या रविवारी सकाळी आण्णा त्यांच्याकडं शिकायला जातात, आणि दोघांची कडाक्याची भांडणं होतात असं काकू सांगत होत्या.

कुणाला फ्रिंजला जायचं असेल तर एवढंच, फॉर्म वेळेत भरा, स्लॉट शक्यतो विदूषकाच्या मागचा घेऊ नका, आणि दोर नायलॉनचा नेऊ नका, लाइटमध्ये चमकतो आणि हात कापतो.